पाण्याचा हिशेब आणि परतीची वाट : उदगीरहून वाळवंटाकडे, हिमालयाकडे

मोटारसायकलवरून लडाख गाठणारे किंवा जैसलमेरच्या वाळूत जीप घालून येणारे तरुण आता मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतही भेटतात. त्यांच्या बेताची सुरुवात बहुधा वाहनापासून होते. गाडी कोणती, टायर कोणते, सामानाचा कठडा कुठून बसवून घ्यायचा, यावर महिनोन्‌महिने चर्चा चालते. वास्तविक निर्जन मुलखातील प्रवासात पहिला प्रश्न पाण्याचा असतो आणि दुसरा परतीचा. वाहनाचा क्रम त्यानंतर लागतो. उदगीरच्या माणसाला यांतला पहिला प्रश्न शिकवावा लागत नाही, कारण तो त्याच्या दारातलाच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते आणि पहिल्या खेपेच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, ही गोष्ट या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पण टंचाईची सवय असणे वेगळे आणि पाण्याचा हिशेब मांडून घराबाहेर पडणे वेगळे.

रसदीचा जुना धडा

लांबच्या मोहिमेची आखणी कशावर तरते आणि कशावर बुडते, याचे उदाहरण उदगीरच्याच इतिहासात आहे. १७६० च्या प्रारंभी निजामाची फौज उदगीरहून औशामार्गे धारूरकडे, आपल्या दुसऱ्या तुकडीला मिळण्यासाठी सरकत होती. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने तिला वाटेत गाठले, चहूबाजूंनी वेढले आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक मार दिला. चालत्या फौजेचा दाणागोटा आणि मदतीची वाट तुटली की संख्या कामाला येत नाही, हे तेथे दिसले. त्याच भाऊंनी पुढच्याच महिन्यात परतूरहून उत्तरेचा रस्ता धरला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांची माणसे लढावयास उभी राहिली ती उपाशीपोटी, कारण या वेळी रसद तुटली होती ती त्यांची. हौशी सहलीची तुलना मोहिमेशी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण घरापासून दोन हजार किलोमीटरवर, अनोळखी थंडीत, मागची वाट न आखता जाण्याचा धोका तेव्हाही होता, आजही आहे.

घरची तालीम

समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, बालाघाटच्या पठारावर उदगीर वसले आहे. येथे वाळूच्या टेकड्या नाहीत आणि हिमशिखरेही नाहीत. तरीही तालमीला लागणारे पुष्कळ काही आहे. बीदरच्या बाजूला जांभ्याची तांबडी, खडबडीत जमीन लागते. मांजरा, मन्याड, तिरू, लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती पसरली आहे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच फुगून लोण्यासारखी होते.

काळ्या मातीतून वाहन नेणे ही स्वतंत्र विद्या आहे. ओली माती टायरच्या खाचांत भरते, खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो आणि गाडी ज्या दिशेला उतार असेल तिकडे सरकू लागते. मोटारसायकलचे चाक मडगार्डात चिखल भरून अक्षरशः थांबते. काडीने चिखल कोरत दहा-वीस पावले पुढे जायचे आणि पुन्हा कोरायचे, असा प्रसंग शेतकऱ्यांना नित्याचा आहे. येथे धाडस उपयोगी पडत नाही. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दोन दिवस चांगले ऊन पडेपर्यंत पाणंदीत किंवा गाडीवाटेवर उतरू नये, हाच शहाणपणाचा मार्ग. आणखी एक गोष्ट हौशी मंडळी विसरतात. शिवरस्ता हा शर्यतीचा रस्ता नाही. ऐन पावसाळ्यात कोणी चार जिपांनी त्याची चाळण केली तर सोयाबीन काढणीच्या वेळी शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर त्याच चाकोऱ्यांत रुततात.

तालमीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहिली फेरी एका दिवसाची असावी. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट त्यासाठी योग्य आहे. टेकडी लहान आहे, कोरीव गुहा आहेत, आणि पाठीवर पूर्ण ओझे घेऊन दोन-तीनदा चढउतार केल्यास बूट कोठे चावतो, पिशवीचा पट्टा कोठे काचतो, ते समजते. दुसरी फेरी मुक्कामाची करावी. उदगीर, जळकोट, कंधार असा रस्ता धरून मन्याडकाठचा कंधारचा किल्ला पाहावा. त्याची परंपरा राष्ट्रकूटांपर्यंत मागे जाते आणि तट, खंदक यांची रचना उदगीरच्या भुईकोटाशी ताडून पाहण्यासारखी आहे. किल्ल्यात मुक्काम करू नये. संरक्षित वास्तूत रात्री राहण्यास व चूल पेटविण्यास मनाई असते. परवानगी घेऊन एखाद्याच्या शेतात राहावे. तिसरी, लांबची फेरी माहूरची. तेथे डोंगर आहे, जंगल आहे, आणि पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबाही त्याच टापूत आहे.

या फेऱ्यांत एक वही बरोबर असावी. किती पाणी नेले, किती उरले, भरलेल्या वाहनाने लिटरमागे किती अंतर कापले, तंबू उभारायला किती वेळ लागला, याच्या नोंदी तीत कराव्यात. दुकानातील माहितीपत्रकापेक्षा या नोंदी अधिक खऱ्या असतात. रिकाम्या मोटारसायकलने लिटरला ४० किलोमीटर दिले म्हणून सामान लादलेल्या मोटारसायकलने चढावर तेवढे द्यावे, ही अपेक्षा चूक आहे.

येथले धोकेही खरे आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या प्रदेशात आढळतात. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे सर्व टाळावे. अवयव न हलविता रुग्णाला धीर द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. ते कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. दुसरा धोका पाण्याचा आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. दमून आलेल्या माणसाला शेततळे मोहात पाडते. त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरलेले असते, उतार तीव्र असतो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यात उतरू नये. कोणी पडलाच तर मागे उडी न घेता दोर टाकावा.

पाणी : लिटरमध्ये आणि किलोमध्ये

उष्ण प्रदेशात थोडीफार अंगमेहनत करणाऱ्या प्रौढ माणसाला पिण्यासाठी दिवसाला किमान पाच लिटर पाणी धरावे. उन्हात चालावयाचे असेल तर आकडा सात-आठवर जातो. स्वयंपाक आणि तोंड-हात धुणे यांसाठी काटकसरीने दोन लिटर. आता चार माणसे, एक जीप, तीन दिवस असा बेत घ्यावा. पिण्याचे ६० लिटर, वापराचे २४ लिटर, अडकल्यास एका दिवसाची शिल्लक म्हणून २८ लिटर आणि रेडिएटरसाठी पाच लिटर, म्हणजे एकूण ११७ लिटर. हे ११७ किलो वजन आहे, दोन बारीक माणसांएवढे! बहुतेक बेत येथेच कोसळतात, कारण हे वजन कोणी मोजलेलेच नसते. मग अर्धे पाणी घरी राहते आणि खुर्च्या, ध्वनिवर्धक, कोळशाची शेगडी गाडीत चढतात.

पाणी टपावर ठेवू नये. वाहनाचा भार वर गेला की आडव्या उतारावर ते कलंडण्याचा धोका वाढतो. २० लिटरच्या घट्ट झाकणाच्या कॅनांत वाटून, मधल्या आसनाच्या पाठीमागे, तळाशी बांधावे. एकाच मोठ्या टाकीत सर्व पाणी ठेवल्यास एका तड्याने सर्व जाते. मोटारसायकलस्वाराला एवढे पाणी नेता येत नाही. त्याने दिवसाचा टप्पाच असा आखावा की संध्याकाळी खात्रीचे पाणी मिळेल.

परतीचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याने करण्याची पद्धत सोपी आहे. इंधन आणि पाणी यांचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, उरलेला न घडलेल्या गोष्टींसाठी. पहिला हिस्सा संपला की, मुक्कामाचे ठिकाण समोर दिसत असले तरी, मागे फिरावे. हा नियम घरी बसून सर्वांना पटतो. वाटेत तो पाळण्यासाठी गटात एक हट्टी माणूस असावा लागतो, आणि त्याचा शब्द अखेरचा, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

वाळू

थरच्या वाळवंटात जावयाचे ते डिसेंबर-जानेवारीत. रात्री पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, दिवस सुखाचे असतात. उन्हाळ्यात तेथे जाण्याचा विचारही करू नये. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. मराठवाड्यातील माणसाला बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची सवय असते आणि त्यामुळेच तो गाफील राहतो. गावात ऊन असले तरी लिंबाची सावली आणि माठ हाकेच्या अंतरावर असतात. वाळूत ते नसतात.

घाम फार गेल्यावर नुसते पाणी पीत राहणेही अपायकारक ठरते, कारण शरीरातील मीठ कमी होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. चमचा चहाचा. उष्माघाताची खूण म्हणजे तापलेले शरीर आणि बरळणे, अडखळणे, भान हरपणे. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि वैद्यकीय मदत गाठावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम आणि दक्षिणेला खुरी येथील वाळूच्या टेकड्या प्रसिद्ध आहेत. या टापूतच ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे महाराष्ट्राला माळढोक माहीत आहे. आता देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असून त्यांचे प्रमुख आश्रयस्थान जैसलमेरचा हाच परिसर आहे. माळढोक उघड्या जमिनीवर अंडे घालतो. रस्ता सोडून कोठेही गाडी घालण्याची हौस येथे केवळ बेकायदा नाही, ती एका पक्ष्याच्या मुळावर येणारी आहे. वाळूत वाहन चालवावयाचे ते परवानगी असलेल्या टेकड्यांवर आणि स्थानिक वाटाड्यासोबत. सीमेलगतच्या अधिसूचित भागासाठी वेगळी परवानगी लागते. तनोटपर्यंतचा रस्ता पर्यटकांना खुला असला, तरी त्यापुढे सीमेकडे जाण्यास सुरक्षा दलाची अनुमती आवश्यक असते.

वाळूतील वाहनकौशल्याचे रहस्य टायरच्या हवेत आहे. डांबरी रस्त्यावर तीस-बत्तीस असणारा दाब वाळूत पंधरा ते अठरापर्यंत उतरवावा. टायर लांबट पसरतो, वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक रुतत नाही. परतीसाठी हवा भरण्याचा पंप जवळ असलाच पाहिजे. कमी हवेने डांबरी रस्त्यावर वेगाने धावणे म्हणजे टायर फाडून घेणे. टेकडी सरळ चढावी, सरळ उतरावी. आडवे गेल्यास गाडी लोळते. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि घट्ट असते, आडोशाची बाजू तीव्र व भुसभुशीत. म्हणून माथ्यापलीकडे काय आहे ते आधी पायी चढून पाहावे. थांबताना ब्रेक दाबू नये, गाडी आपोआप थांबू द्यावी. चाक जागच्या जागी फिरू लागले की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. तो दाबत राहिलेला चालक स्वतःच्या हाताने खड्डा खणत असतो. पहाटेची गार वाळू दुपारच्या वाळूपेक्षा घट्ट असते, हेही वेळापत्रक ठरविताना उपयोगी पडते.

फावडे, चाकाखाली सरकविण्याच्या फळ्या, ओढण्याचा मजबूत पट्टा एवढे साहित्य हवे. पट्टा ताणला जात असताना इतरांनी त्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहावे. तुटलेला पट्टा किंवा निखळलेली कडी गोळीच्या वेगाने येते. आणि वाळूत एकट्या गाडीने कधीही जाऊ नये. दोन गाड्या ही किमान संख्या समजावी.

वाळवंटात पूर येत नाही, हाही एक समज आहे. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास हे गाव पुराच्या पाण्यात बुडाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकणे सोईचे वाटते, कारण जागा सपाट असते. ती सपाट केलेली असते पाण्याने. लडाखचा प्रदेशही पावसाच्या दृष्टीने वाळवंटच. तेथे ६ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्रीच्या ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून अधिक बळी घेतले.

उंची

हिमालयाच्या बेतात अवघड भाग रस्ता नसून हवा आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश असतो. ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत तो जेमतेम निम्म्यावर येतो. उदगीरच्या सव्वासहाशे मीटरवर वाढलेल्या शरीराला याची कल्पना नसते; आणि व्यायाम करणारा, बलदंड तरुण यातून सुटतो असेही नाही. उलट तोच घाई करतो.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी चालते, झोपावे खाली. हा नियम नकाशावर ठेवून पाहिला की मनालीहून लेहला जाण्याचा लोकप्रिय मार्ग किती अडचणीचा आहे ते कळते. मनाली २,०५० मीटरवर. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा वळसा वाचला आणि प्रवास जलद झाला. पण प्रवास जलद झाला याचाच अर्थ शरीराला मिळणारा वेळ घटला. पहिल्या किंवा दुसऱ्याच रात्री मंडळी ४,२९० मीटरवरील सरचूच्या तंबूंत पोहोचतात आणि डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश यांनी हैराण होतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने श्रीनगरकडून चढावे, मनालीकडून उतरावे. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे. तेथून सोनमर्ग, ३,५२८ मीटरची झोजी ला, द्रास आणि मग पुन्हा २,६७६ मीटरवर कारगिल. येथे मुक्काम होतो. दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरची फोतू ला ओलांडून लेह. लेहमध्ये दोन रात्री काहीही न करता काढाव्यात, आणि हे दोन दिवस वेळापत्रकात आधीच लिहिलेले असावेत. नाहीतर उत्साहाच्या भरात ते गळतात. नंतर नुब्रा, पँगाँग करून परतीला तांगलांग ला, सरचू, बारालाचा ला या मार्गाने मनाली. तोवर शरीर उंचीला सरावलेले असते. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांना तर या दोन दिवसांच्या विश्रांतीला पर्यायच नाही.

डोकेदुखीसह मळमळ, थकवा, चक्कर ही सौम्य विकाराची लक्षणे. ती असताना आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, फेसाळ थुंकी म्हणजे फुप्फुसांत पाणी साचू लागले आहे. पावलापुढे पाऊल टेकवीत सरळ रेषेत चालता न येणे, असंबद्ध बोलणे म्हणजे मेंदूला सूज येत आहे. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहणे जिवावर बेतते. रात्री असले तरी रुग्णाला तातडीने खाली न्यावे, प्राणवायू द्यावा, रुग्णालय गाठावे. लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे. प्रतिबंधक म्हणून ॲसिटाझोलामाइड हे औषध १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देण्याची पद्धत आहे. परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि इतरांनीही ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हृदयविकार, दमा किंवा गर्भारपण असल्यास बेतापूर्वी तपासणी हवी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या दिवसांत वर्ज्य. लसूण, कापूर यांवर लोकांची श्रद्धा आहे. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू वाढत नाही.

वितळणाऱ्या बर्फाचे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी मांडीएवढे होतात. म्हणून नाल्यांचा टप्पा सकाळी लवकर गाठावा. पाण्याचा तळ दिसत नसेल तर काठीने खोली पाहिल्याशिवाय चाक घालू नये. इंधनाचा हिशेबही याच मार्गावर कसोटीला लागतो. तांडी येथील पंपाजवळ, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक वर्षानुवर्षे प्रसिद्ध होता. घरच्या वहीतील आकडा येथे कामी येतो. लादलेल्या मोटारसायकलने चढावर २८ किलोमीटर दिले तर ३६५ किलोमीटरला तेरा लिटर लागतात. टाकीच तेरा लिटरची असेल तर पाच लिटर जास्तीचे पेट्रोल पत्र्याच्या घट्ट डब्यात, काठोकाठ न भरता न्यावे. पाण्याच्या बाटलीत नेऊ नये.

खाण्याच्या बाबतीत मराठवाड्याची शिदोरी कोणत्याही महागड्या पाकिटापेक्षा सरस आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, सातूचे पीठ, डिंकाचे लाडू हे दहा-बारा दिवस टिकते आणि चुलीशिवाय खाता येते. लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. पिण्याचे पाणी दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे खळखळून उकळावे. कपड्यांत सुती थर अंगालगत नको, ओला झाला की तो थंडी वाढवतो. लोकर भिजली तरी ऊब धरते. धनगराच्या घोंगडीला हे गुपित फार पूर्वीपासून ठाऊक आहे, तिचे वजन तेवढे सोसत नाही.

दिवस, कागद आणि मागे राहणारा माणूस

मनाली-लेह रस्ता साधारणपणे मे-जून ते ऑक्टोबर खुला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये कुलू-मनाली भागात बियासच्या पुराने महामार्गाचे तुकडेच वाहून गेले होते. सप्टेंबर सर्वांत भरवशाचा. उदगीरहून संपूर्ण अंतर चालवत गेल्यास जाण्या-येण्यातच आठ-दहा दिवस मोडतात आणि डोंगरात पोहोचेपर्यंत माणूस थकलेला असतो. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस या कामी सोईची आहे. मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलने पाठविता येते. टाकी पूर्ण रिकामी, वाहन व्यवस्थित गुंडाळलेले आणि नोंदणीपत्राची प्रत सोबत, या अटी असतात. वाहन आपल्याच गाडीने येईल याची खात्री नसल्याने एक दिवस हाताशी ठेवावा. पुढे जम्मूमार्गे श्रीनगर. असा प्रवास सोळा-सतरा दिवसांचा होतो. बारा दिवसांची रजा असेल तर लडाख सोडून दुसरे काही करावे, विश्रांतीचे दिवस कापू नयेत.

वाहन परवाना, नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती हव्यात. वाहन मित्राचे असेल तर त्याचे पत्रही. विम्याची कलमे वाचावीत. रस्ता सोडून झालेला अपघात आणि साहसी खेळांतील दुखापत अनेक पॉलिसींत वगळलेली असते. लडाखमधील सीमाभागासाठीचे परवाने व शुल्क यांचे नियम वारंवार बदलले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात लेह जिल्हा प्रशासनाची माहिती पाहावी. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, गटात निदान दोघांकडे पोस्टपेड जोडणी असावी. परदेशी संकेतस्थळे पाहून उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र मागविण्याचा मोह अनेकांना होतो. भारतात सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे. नकाशे मात्र मोकळे झाले आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागले. कागदावर छापून घ्यावेत, थंडीत फोनची बॅटरी अर्ध्या वेळात मान टाकते.

संपर्क तुटतो तेव्हा घरी ठेवलेला एक कागद कामी येतो. त्यावर रोजचा मार्ग, मुक्कामाचे गाव, वाहनांचे क्रमांक, प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू औषधे, वाटेतील पोलीस ठाण्यांचे व रुग्णालयांचे दूरध्वनी लिहावेत. हा कागद ज्याच्याकडे असेल तो माणूस शांत डोक्याचा हवा. आई-वडिलांपेक्षा एखादा मित्र बरा. त्याच्याशी वेळ ठरवावी: रोज रात्री नऊपर्यंत निरोप. निरोप न आल्यास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचे, नंतर शेवटच्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन, त्यानंतर तेथील पोलीस ठाणे. लडाखमध्ये एक दिवस संपर्क नसणे नेहमीचे आहे, दोन दिवस नसणे नाही. मार्ग बदलला तर बदलल्याच्या ठिकाणाहूनच त्याला कळवावे. अन्यथा शोध घेणारे भलत्याच खोऱ्यात शोधत बसतात. आणि सर्व मंडळी मनालीला किंवा जैसलमेरला सुखरूप उतरल्यावर पहिला फोन त्याला करावा, कारण तोपर्यंत तो कागद हातात घेऊन बसलेला असतो.